वस्तऱ्याची जखम आणि तुरटीचा खडा

गोदावरीकाठच्या धर्माबाद तालुक्यात डोक्याचे संपूर्ण मुंडण करण्याचे प्रसंग वर्षभर येत असतात. घरात मृत्यू झाला की दहाव्या दिवशी नदीकाठी क्षौर होते. लेकराचे जावळ माहूर, तुळजापूर, माळेगावचा खंडोबा किंवा सीमेपलीकडचे बासर अशा आपापल्या दैवताच्या ठिकाणी काढले जाते. नवस फेडण्यासाठी तिरुपतीला केस देण्याची प्रथा या भागातील मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही भाषांच्या घरांत सारखीच रुजलेली आहे. आणि टक्कल पडू लागताच उरलेले केसही काढून डोके तुळतुळीत ठेवणाऱ्या तरुणांची त्यात अलीकडे भर पडली आहे. प्रसंग सुखाचा असो वा दुःखाचा, वस्तऱ्याचे पाते कवटीच्या उंचसखल पृष्ठभागावरून फिरते आणि एखाद-दुसऱ्या ठिकाणी कातडी कापली जाते. ही जखम इतकी किरकोळ मानली जाते की तिच्यावर काय लावले गेले, ती कोणत्या पाण्याने धुतली गेली आणि तिला लागलेली वस्तू पुढे आणखी कोणाच्या डोक्याला लागली, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. वस्तुतः या जखमेतला खरा धोका रक्त वाहण्यात नसून नेमका या न केलेल्या चौकशीत आहे.

डोके दुरून गोल दिसत असले तरी वस्तऱ्याच्या दृष्टीने तो अवघड प्रदेश आहे. कवटीच्या मागच्या बाजूचा हाडाचा उंचवटा, कानामागचे टोकदार हाड, मानेवर पडणाऱ्या वळ्या आणि माथ्यावरचा भोवरा या चार जागी पात्याचा कातडीशी असलेला कोन क्षणात बदलतो. भोवऱ्याभोवती केसांची दिशा गोलाकार फिरत असल्यामुळे एकाच ओढीत पाते आधी केसांच्या कलाने आणि मग कलाविरुद्ध जाते. कलाविरुद्ध गेलेले पाते केसाला ताणते, केसाच्या बुडाशी कातडीचा बारीकसा उंचवटा वर येतो आणि त्याचा माथा छाटला जातो. त्वचेचा सर्वांत वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचा असून त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याच्या खाली असलेली अंतस्त्वचा मात्र असंख्य सूक्ष्म उंचवट्यांनी बाह्यत्वचेत शिरलेली असते आणि प्रत्येक उंचवट्यात केशवाहिन्यांचे वेटोळे असते. त्यामुळे पाते केसभर अधिक खोल गेले की मुंडण केलेल्या डोक्यावर लाल ठिपके उमटतात; ते दिसायला एकच जखम वाटले तरी प्रत्यक्षात अनेक उंचवट्यांचे छाटलेले माथे असतात.

पात्याची धारही टिकत नाही. मानवी केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असूनही पाते बोथट का होते, याचा शोध अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतला आणि 2020 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. केस पात्याला काटकोनात न भेटता वाकून भेटतो तेव्हा, धारेतील पोलादाची रचना जिथे एकसारखी नसते तिथे तिचा सूक्ष्म टवका उडतो, असे त्यांना आढळले. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. एका मुंडणात पात्याला दाढीपेक्षा कितीतरी अधिक काम पडते, धार दातेरी होत जाते आणि तीच धार दुसऱ्या डोक्यावर वापरली की ती कापण्याऐवजी ओढू लागते. एका डोक्याला एक नवे ब्लेड ही सूचना म्हणूनच केवळ रोगजंतूंसाठी नाही, तर मुळात जखमच कमी व्हावी यासाठीही आहे. केस आधी दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने चांगले भिजवले तर ते पाणी शोषून फुगतात, मऊ होतात आणि कापायला कमी जोर लागतो. गर्दीच्या दिवशी घाटावर पाण्याचा नुसता हात फिरवून वस्तरा लावला जातो, तेव्हा हीच दोन मिनिटे वाचवलेली असतात.

कोणत्याही वस्तऱ्याने केलेले मुंडण डोळ्यांना न दिसणारे ओरखडे मागे ठेवते, ही गोष्ट शस्त्रक्रियाशास्त्राने फार पूर्वी मोजून पाहिली आहे. कॅनडातील कॅल्गरी येथे क्रूझ आणि फूर्ड या दोघा शल्यचिकित्सकांनी पाच वर्षांत 23,649 शस्त्रक्रियांच्या जखमांची नोंद ठेवून 1973 मध्ये जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत शस्त्रक्रियेपूर्वी वस्तऱ्याने केस काढलेल्या स्वच्छ जखमांमध्ये जंतुसंसर्गाचे प्रमाण 2.3 टक्के, यंत्राने केस बारीक केलेल्यांत 1.7 टक्के आणि केस न काढलेल्यांत 0.9 टक्के आढळले होते. आज शस्त्रक्रियेआधी केस काढणे अटळ असेल तर वस्तऱ्याऐवजी क्लिपर वापरावा, असे जगभर सांगितले जाते. ज्यांना विधीसाठी पाते लावण्याची सक्ती नाही, त्यांच्यासाठी शून्य नंबरचे यंत्र हा वस्तऱ्यापेक्षा निश्चितच सुरक्षित मार्ग आहे.

डोक्याची एवढीशी जखम एवढे रक्त का सांडते, याचे उत्तर तिथल्या कातडीच्या रचनेत आहे. कवटीवरचे आवरण पाच थरांचे असते: सर्वांत वर त्वचा, तिच्याखाली दाट तंतूंचा थर, मग कपाळापासून मानेपर्यंत ताणलेला चिवट पडदा, त्याखाली सैल ऊतींचा थर आणि शेवटी हाडाला चिकटलेले वेष्टन. डोक्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्या दोन्ही बाजूंनी पाच-पाच असून त्यांच्या शाखा एकमेकींना ठिकठिकाणी जोडलेल्या असतात. त्यामुळे कापलेल्या वाहिनीला दोन्ही टोकांकडून रक्त मिळत राहते. या शाखा ज्या दाट तंतूंच्या थरातून जातात, तो थर त्यांच्या भिंतींना चहूबाजूंनी घट्ट धरून ठेवतो. हाताच्या बोटाला कापले की तुटलेली रक्तवाहिनी आक्रसून आत ओढली जाते आणि तिचे तोंड बारीक होते. डोक्यावर मात्र तंतूंनी ते तोंड ताणून उघडे ठेवलेले असते. त्यामुळे पाते त्वचेखालच्या या थरापर्यंत पोचले की रक्ताची धार कपाळावर उतरते, पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो आणि जखम प्रत्यक्षात असते त्याहून खूप मोठी वाटते. दिलासा देणारी बाब अशी की त्वचेच्या अगदी खाली सर्वत्र कवटीचे कठीण हाड असल्यामुळे दाब देण्यासाठी याहून सोयीची जागा शरीरावर क्वचितच सापडेल.

रक्त थांबण्याची क्रिया तीन पायऱ्यांनी घडते. कापलेली वाहिनी प्रथम आक्रसते, जी पायरी डोक्यावर दुबळी पडते. मग रक्तातील बिंबिका, म्हणजेच प्लेटलेट्स या नावाने परिचित असलेल्या सूक्ष्म चकत्या, जखमेच्या काठाला चिकटून एकमेकींना धरतात. आणि शेवटी रक्तरसातील फायब्रिनोजेन या विरघळलेल्या प्रथिनाचे थ्रॉम्बिन या विकरामुळे फायब्रिनच्या न विरघळणाऱ्या धाग्यांत रूपांतर होऊन त्या धाग्यांचे जाळे बिंबिकांची गुठळी पक्की करते. या सगळ्याला काही मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ रक्ताचा प्रवाह मंद राहावा लागतो, कारण वाहती धार ताजी गुठळी धुऊन नेते. म्हणून स्वच्छ, कोरड्या सुती कापडाची किंवा गॉजची घडी जखमेवर ठेवून सलग दहा मिनिटे सपाट बोटांनी दाबून धरणे हाच या जखमेवरचा पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा उपचार ठरतो. यात होणारी चूक नेहमी एकच असते: अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने कापड उचलून ‘थांबलं का’ म्हणून पाहिले जाते, प्रत्येक वेळी कापडाला चिकटलेली कोवळी गुठळी उपटली जाते आणि क्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

दहा मिनिटे थांबण्याइतका वेळ केशकर्तनाच्या दुकानात नसतो, आणि तिथे तुरटी येते. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम या दोन धातूंचे मिश्र सल्फेट. तिच्या स्फटिकात प्रत्येक एककामागे पाण्याचे बारा रेणू अडकलेले असतात. ओल्या कातडीवर खडा फिरवला की त्यातील थोडी तुरटी विरघळते आणि तीन धनभार असलेले ॲल्युमिनियमचे आयन रक्तातील व जखमेच्या काठावरील प्रथिनांना जाऊन मिळतात. ती प्रथिने साकळतात, कातडीचा वरचा थर आक्रसतो आणि केशवाहिन्यांची तोंडे बंद होतात. पावसाळ्यात गोदावरीच्या गढूळ पाण्याच्या घागरीत तुरटी फिरवली की गाळ तळाशी बसतो, तोही याच आयनांच्या भारामुळे. लाल ठिपक्यांच्या रूपात झिरपणारे रक्त तुरटीने खरोखर थांबते. मात्र धार लागलेल्या जखमेत रक्ताच्या ओघाबरोबर तुरटीही वाहून जाते, आणि अशा वेळी खडा घासत बसण्यापेक्षा दाब देणेच इष्ट.

ही समज या भूमीत प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात रक्तस्राव थांबवण्याचे चार मार्ग सांगितले आहेत: तुरट द्रव्यांनी जखमेचे काठ जुळवणे म्हणजे संधान, थंडाव्याने रक्त घट्ट करणे म्हणजे स्कंदन, भस्माने जखम सुकवणे म्हणजे पाचन आणि डाग देऊन शिरा आकुंचित करणे म्हणजे दहन. यांपैकी तुरटीचा खडा पहिल्या मार्गात बसतो, बर्फ किंवा थंड पाण्याची पट्टी दुसऱ्या मार्गात, आणि शस्त्रक्रियागृहात विजेच्या साहाय्याने वाहिनी बंद करणारे आजचे उपकरण चौथ्या मार्गाचे वंशज आहे. तिसरा मार्ग, म्हणजे राख, आज टाळायला हवा. चुलीतल्या राखेत काय मिसळले आहे हे कोणालाच ठाऊक नसते आणि जखमेत राहिलेले कण कातडीखाली कायमचे काळे डाग सोडू शकतात.

तुरटीच्या रसायनशास्त्रात दोष नाही. दोष आहे तो एकच खडा सर्वांना लावण्यात. आरशासमोरच्या वाटीतला तो खडा दिवसभर एका डोक्यावरून दुसऱ्या दाढीवर जातो, त्याच्या ओल्या पृष्ठभागावर प्रत्येक ग्राहकाच्या रक्ताचा अंश उरतो आणि ‘तुरटीने जंतू मरतात’ या समजुतीमुळे तो धुण्याचीही गरज वाटत नाही. तुरटी काही जिवाणूंची वाढ रोखते हे खरे असले तरी ती निर्जंतुक करणारे द्रव्य नाही, आणि रक्तावाटे पसरणाऱ्या विषाणूंच्या बाबतीत तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. यांतला सर्वांत चिवट विषाणू हिपॅटायटिस बी या काविळीचा. त्याचा पृष्ठभागावरील घटक बारुख ब्लूमबर्ग यांनी 1960 च्या दशकात शोधला आणि त्यासाठी त्यांना 1976 चा नोबेल पुरस्कार मिळाला. हा विषाणू वाळलेल्या रक्तात शरीराबाहेर किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. बाधित रक्ताची सुई टोचल्यास, लस न घेतलेल्या व्यक्तीला त्याची लागण होण्याची शक्यता 6 ते 30 टक्के असते, तर एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे 0.3 टक्के आहे. सुई आणि वस्तरा यांची बरोबरी करता येत नाही, कारण पोकळ सुईत रक्ताचा साठा असतो. पण दुकानात एचआयव्हीची जेवढी भीती बोलून दाखवली जाते, तेवढी खरे तर हिपॅटायटिस बीची वाटायला हवी, हे या आकड्यांवरून कळते. या काविळीची लक्षणे लागणीनंतर दोन ते पाच महिन्यांनी दिसतात आणि अनेकांत ती दिसतही नाहीत. एवढ्या काळानंतर डोळे पिवळे झाले तर त्याचा संबंध विसरून गेलेल्या मुंडणाशी कोण जोडणार?

यावरचा उपाय खर्चाचा नाही. तुरटी फोडून तिचे हरभऱ्याएवढे तुकडे करावेत, एका ग्राहकाला एक तुकडा वापरून तो फेकून द्यावा, किंवा पूड करून ती चिमूटभर कापसाच्या नव्या बोळ्यावर घेऊन लावावी. ब्लेड मोडून त्याचा अर्धा भाग वस्तऱ्यात बसवण्याची पद्धत आता खेड्यांतही आली आहे. तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यावर, जिथे रोज हजारो भाविक केस अर्पण करतात, तिथेही टोकनाबरोबर ब्लेडचे अर्धे पाते दिले जाते. परंतु ब्लेड बदलले तरी ज्या खाचेत ते बसते ती खाच तीच राहते, आणि कापल्यावर रक्त नेमके तिथेच शिरते. वस्तऱ्याची खाच साबणाच्या पाण्याने ब्रश मारून धुणे आणि नंतर सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये काही मिनिटे बुडवून ठेवणे, किंवा वस्तरा वीस मिनिटे उकळणे, हे काम ब्लेड बदलण्याइतकेच महत्त्वाचे आहे. पात्यावरून काडी पेटवून फिरवणे किंवा डेटॉलच्या गढूळ झालेल्या वाटीत ते एकदा बुचकळून काढणे याने केवळ मनाचे समाधान होते.

जखमेवर लावल्या जाणाऱ्या इतर वस्तूंचा विचार थोडक्यात करता येईल. वसमत-हिंगोलीच्या पट्ट्यात पिकणारी हळद मराठवाड्याच्या प्रत्येक घरात असते आणि तिच्यातील कर्क्युमिन या पिवळ्या द्रव्याचे दाह कमी करणारे गुण प्रयोगशाळेत दिसले आहेत; परंतु डब्यातली हळद निर्जंतुक नसते, उन्हात वाळवलेल्या आणि गिरणीत दळलेल्या कोणत्याही मसाल्यात जिवाणूंची टणक कवचाची सुप्तरूपे, म्हणजे बीजाणू, सापडतात. पानाच्या डबीतला चुना तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे उघड्या मांसाला भाजतो. टाल्कम पावडरचे कण जखमेत अडकून तिथे गाठ धरू शकतात. वर्तमानपत्राचा कपटा रक्त शोषतो खरा, पण तो किती हातांतून आला आहे याचा विचार केला तर त्याची जागा स्वच्छ टिश्यू पेपरने घेणे बरे. जावळ काढल्यावर लेकराच्या डोक्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढतात, तेव्हा ते कापलेल्या जागेपासून दूर काढले म्हणजे झाले. विधीत त्याने काही उणे पडत नाही.

पाण्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. जखम धुण्यासाठी औषधी द्रावणच हवे असे नाही. पिण्यायोग्य नळाच्या पाण्याने जखम धुतल्यास निर्जंतुक सलाइनच्या तुलनेत संसर्ग वाढत नाही, असा निष्कर्ष कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात आला आहे. पिण्यायोग्य ही अट मात्र यात निर्णायक ठरते. दशक्रियेच्या दिवशी क्षौर झाल्याबरोबर नदीत बुडी मारली जाते, म्हणजे नुकतेच शेकडो सूक्ष्म ओरखडे पडलेले डोके थेट नदीच्या पाण्यात जाते. धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालानुसार दरवर्षी 1 जुलै ते 28 ऑक्टोबर या काळात उघडे असतात आणि त्यानंतर पाणी अडवले जाते. त्यामुळे बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पावसाळ्यात वाहता गाळ आणि पुढे अनेक महिने साठलेले पाणी, अशी नदीची दोन रूपे दिसतात. जखमेच्या दृष्टीने यांपैकी एकही रूप निर्धोक नाही. जनावरांच्या मूत्रातून पाण्यात येणारे लेप्टोस्पायरा हे जिवाणू फुटलेल्या कातडीतून शरीरात शिरतात आणि तीव्र ताप, प्रसंगी यकृत व मूत्रपिंडांचा बिघाड घडवतात; गोड्या पाण्यातील एरोमोनास जातीचे जिवाणू जखम चिघळवतात. श्रद्धेला धक्का न लावता यातून वाट काढता येते: कापले गेले असेल तर आधी दाब देऊन रक्त थांबवावे, नदीचे पाणी खांद्यापासून खाली घेऊन डोक्यावर घरून आणलेल्या पिण्याच्या पाण्याचा तांब्या ओतावा, आणि बुडी मारणे अपरिहार्यच वाटले तर त्यानंतर लगेच साबण व स्वच्छ पाण्याने डोके धुवावे.

धुतलेली जखम उघडी ठेवून वाळू द्यावी की झाकावी, याबाबत लोकमत अजून ‘हवा लागू द्या, खपली धरू द्या’ याच बाजूचे आहे. जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने 1962 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या डुकरांवरील प्रयोगात, पातळ पडद्याखाली ओलसर ठेवलेल्या उथळ जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने आली. कारण असे की त्वचेच्या नव्या पेशी काठाकडून मध्याकडे सरकत जातात आणि कोरड्या खपलीखाली त्यांना ओलसर थर शोधत अधिक खोलातून वाट काढावी लागते. तुळतुळीत डोक्यावर पट्टी टिकत नाही, म्हणून दिवसातून दोनदा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर देणे हा सोपा पर्याय आहे. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखी द्रव्ये जंतूंबरोबर या सरकणाऱ्या कोवळ्या पेशीही मारतात, म्हणून रोज रोज जखम त्यांनी चोळणे हिताचे नाही. डोक्याला निसर्गाने एक विशेष सोयही दिलेली आहे. केस ज्या कातडीतल्या सूक्ष्म नळीतून उगवतो, त्या केशपुटकाच्या भिंतीत मूळ पेशींचा साठा असतो आणि जखम झाली की त्या वर चढून नव्या बाह्यत्वचेला हातभार लावतात. डोक्यावर अशी पुटके दाटीने असल्यामुळे नवी कातडी केवळ काठाकडून नव्हे, तर जखमेच्या तळातील प्रत्येक पुटकातून उगवते. भाजलेल्या रुग्णांसाठी त्वचारोपण करताना शल्यचिकित्सक कधी कधी डोक्याचीच पातळ कातडी घेतात, ती याच भरवशावर.

धर्माबादच्या बाजारपेठेत या जखमेला एक खास शत्रू आहे, तो म्हणजे लाल मिरचीची धूळ. मिरचीच्या हंगामात पोती हलवणारे हमाल, देठ खुडणाऱ्या बाया आणि कांडपावर काम करणारे मजूर यांच्या भोवतीच्या हवेत ही धूळ तरंगत असते आणि नुकत्याच मुंडण केलेल्या डोक्यावर ती बसली की आग आग होते. मिरचीतील कॅप्सायसिन हा रेणू त्वचेतील ज्या ग्राहकाला चिकटतो, तो ‘टीआरपीव्ही 1’ या नावाचा ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने 1997 मध्ये शोधला आणि 2021 च्या नोबेल पुरस्कारात ज्युलियस यांचा वाटा त्या शोधासाठी होता. मज्जातंतूंच्या टोकावरचे हे प्रथिन खरे तर उष्णतेचे दार आहे. सुमारे 43 अंश सेल्सिअसला ते उघडते आणि मेंदूला भाजल्याची वर्दी देते, आणि कॅप्सायसिन हेच दार तापमान न वाढताही उघडते. अखंड बाह्यत्वचा या रेणूला बऱ्याच अंशी अडवते, कापलेल्या जागी मात्र मज्जातंतूंची टोके उघडी पडलेली असतात. शिवाय दाह झालेल्या ऊतींत हे दार आणखी कमी तापमानालाच उघडू लागते, म्हणून ताज्या जखमेवर कोमट पाणीदेखील चरचरते आणि उन्हात घाम आला की डोके झोंबते. कॅप्सायसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळते. त्यामुळे मिरची हाताळणाऱ्याने जखमेला हात लावण्यापूर्वी हातांना गोडेतेल चोळून मग साबणाने ते धुवावेत, आणि डोके साबण व गार पाण्याने न चोळता धुवावे. कामावर परतताना डोक्याला धुतलेला सुती रुमाल बांधला तर धूळ आणि ऊन या दोन्हींपासून बचाव होतो. केसांखाली वर्षानुवर्षे झाकलेल्या कातडीला मराठवाड्याचे ऊन सोसत नाही.

काही माणसांत मात्र ही जखम किरकोळ राहत नाही. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांच्या बिंबिका एकमेकींना नीट चिकटत नाहीत. ॲस्पिरिनने निकामी केलेली बिंबिका तिच्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यात पुन्हा कामाला येत नाही. आई-वडिलांचे दिवस करणारा मुलगा अनेकदा स्वतःच साठीचा असतो आणि अशी गोळी घेत असतो. त्याने ती स्वतःच्या मनाने बंद न करता क्षौर करणाऱ्याला आधी सांगावे आणि कापल्यास दाब दहाऐवजी वीस मिनिटे द्यावा. लेकराच्या बाबतीत काळजी वेगळी. आठ किलो वजनाच्या बाळाच्या अंगात सहाशे-साडेसहाशे मिलिलिटर एवढेच रक्त असते आणि माथ्यावरची टाळू साधारण वर्ष-दीड वर्षापर्यंत भरलेली नसते. तिथे वस्तऱ्याऐवजी कात्री किंवा यंत्र वापरावे आणि दाबही बोटाच्या पेराने हलकाच द्यावा. जावळाची एखादी बारीक जखम थांबून थांबून पुन्हा वाहू लागली, मामाला किंवा मावशीच्या मुलालाही असेच होत असले, तर हिमोफिलियाची शंका घेऊन रक्ताची तपासणी करायला हवी. रक्त गोठवणाऱ्या एका घटकाच्या अभावाने होणारा हा आजार बहुधा आईकडून मुलाकडे येतो आणि कित्येकदा पहिल्यांदा अशाच क्षुल्लक प्रसंगी लक्षात येतो.

‘लोखंडाने कापले, टीटी घ्या’ हा धनुर्वाताच्या लसीचा सल्ला गावोगाव दिला जातो. धनुर्वाताचा जिवाणू लोखंडात किंवा गंजात जन्मत नाही. त्याचे बीजाणू माती आणि शेण यांत असतात. स्वच्छ ब्लेडने झालेल्या उथळ जखमेसाठी, प्राथमिक मात्रा पूर्ण झाल्या असतील आणि शेवटची मात्रा दहा वर्षांच्या आत घेतली असेल, तर नव्या इंजेक्शनची गरज नसते. जखमेत माती किंवा शेण गेले असेल तर ही मुदत पाच वर्षांची धरतात. दर सहा महिन्यांनी टोचून घेण्याची सवय त्यामुळे निरर्थक आहे. ज्यांना लहानपणी एकही मात्रा मिळालेली नाही, अशा वयस्कर माणसांनी मात्र जखमेची वाट न पाहता धनुर्वात-घटसर्प यांच्यावरील ‘टीडी’ ही संयुक्त लस सरकारी दवाखान्यात घ्यावी.

दोन-तीन दिवसांनी जखमेभोवती लाली वाढणे, ठणका लागणे, केसांच्या मुळाशी पिवळ्या तोंडाच्या पुटकुळ्या उठणे, कानामागे किंवा मानेत अवधाण येणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. ताप आला किंवा सूज डोळ्यांकडे उतरली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. कवटीवरच्या आवरणाच्या चौथ्या, सैल थरात पोचलेला पू सहज पसरतो आणि तिथल्या काही शिरा कवटीच्या हाडातून आरपार जाऊन मेंदूभोवतीच्या रक्तकोशांना मिळतात, हे या घाईचे कारण होय. वस्तऱ्याची साधी जखम इतकी खोल जात नाही, पण काठ फाकलेली जखम, किंवा वीस मिनिटांच्या दाबानंतरही न थांबणारे रक्त, टाके घालणाऱ्या हातांकडेच सोपवायला हवे.

या सगळ्यात ज्याचा विचार सर्वांत शेवटी होतो, तो वस्तरा धरणारा माणूस. मराठवाड्यात ज्याला वारीक म्हणतात, त्या कारागिराच्या डाव्या हाताची बोटे दिवसभर कातडी ताणून धरत असतात, ओल्या डोक्यावरून ती घसरतात, पात्याने चिरली जातात आणि त्याच चिरलेल्या बोटांनी तो दुसऱ्याचे रक्त पुसतो. एका ग्राहकाला हा धोका वर्षातून एकदा, त्याला रोज. हिपॅटायटिस बीची लस देशभरातील बालकांना 2011 च्या सुमारास नियमित लसीकरणात मिळू लागली. आज दुकान चालवणारी बहुतेक प्रौढ पिढी त्याआधी जन्मलेली आहे. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी व उपचार सरकारी केंद्रांत मोफत होतात. प्रौढांसाठी लसीच्या तीन मात्रा आहेत: पहिली ठरलेल्या दिवशी, दुसरी एका महिन्याने आणि तिसरी पहिलीपासून सहा महिन्यांनी. तिसऱ्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिपिंडांची पातळी दर मिलिलिटरमागे 10 मिली-आंतरराष्ट्रीय एकके किंवा त्याहून अधिक भरली, तर संरक्षण मिळाले असे मानतात.